योहान १५ : फळ आलं नाही तर जाब कुणाला?

सांजप्रार्थना_तासगाव

सगळ्यांना प्रभूमध्ये सलाम. तासगाव तालुक्यातल्या एका लहान मंडळीत सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात तीन संध्याकाळी घरगुती अभ्यास घ्यायचा आहे. साधारण पंधरा जण असतील. काही बागायतदार, काही छाटणीच्या टोळीत जाणारे, चार-पाच कॉलेजची मुलं. उतारा योहान १५:१-१७, म्हणजे येशू 'मी वेल, माझा पिता माळी, तुम्ही फाटे' म्हणतो तो.

तीन ठिकाणी अडतंय. एक, 'माझ्यापासून वेगळे असल्यास तुम्हाला काही करता येत नाही' हे वाचलं की काही जण हात झाडून मोकळे होतात, आणि सहाव्या वचनातली आग (वेलात न राहणारा फाटा वाळतो आणि जळतो) वाचली की काही जण धास्तावतात. मग माणसाची जबाबदारी नेमकी कशाची? दोन, फळ म्हणजे किती माणसं विश्वासात आणली, असं आमच्याकडं सरसकट धरलं जातं. हे कितपत बरोबर? तीन, ऐकणारे रोज बागेत असतात, तेव्हा बागेतली उदाहरणं येणारच. ती कुठवर ताणावीत?

शब्दसेवक_मिरज

सलाम. पहिला प्रश्न सुटला की बाकीचे दोन सोपे जातील.

ही सतरा वचनं पेन घेऊन वाचा आणि आज्ञार्थी क्रियापदं तेवढी अधोरेखित करा. 'माझ्यामध्ये राहा' (४), 'मागा' (७), 'माझ्या प्रीतीत राहा' (९). जोडीला 'ही माझी आज्ञा' म्हणून सांगितलेली एकमेकांवरची प्रीती (१२, १७). 'फळ द्या' अशी आज्ञा एकदाही येत नाही. फळ येतं ते अभिवचन म्हणून (५), पित्याचं गौरव म्हणून (८) आणि नेमणूक म्हणून (१६). म्हणजे फाट्याकडं जाब आहे तो वेलात राहण्याचा. रस वेलाचा, कात्री माळ्याची.

हात झाडणारे पाचवं वचन अर्धंच वाचतात. त्याच वचनात आधी म्हटलंय की जो माझ्यामध्ये राहतो तो पुष्कळ फळ देतो. आणि 'राहणं' म्हणजे मनाची एक छान अवस्था एवढंच नव्हे, ते चार कामांत उलगडून सांगितलंय: त्याची वचनं आपल्यात राहणं (७), मागणं (७), आज्ञा पाळणं (१०), मित्रांसाठी प्राण देण्यापर्यंत जाणारी प्रीती (१३). यातलं एकही आपोआप होत नाही. 'सगळं प्रभूच करतो' म्हणणाऱ्याला मंडळीत एवढंच विचारावं, की गेल्या आठवड्यात यातल्या कशाला वेळ दिला?

धास्तावलेल्यांसाठी आधी प्रसंग सांगा. येशूला धरून देणारा यहूदा योहान १३:३० लाच बाहेर पडलाय. हे बोलणं उरलेल्या अकरांशी चाललंय, आणि त्यांना तिसऱ्या वचनात 'तुम्ही आताच शुद्ध आहा' असं सांगून टाकलंय. हे कशासाठी सांगितलं तेही अकराव्या वचनात आहे: तुमचा आनंद परिपूर्ण व्हावा. घाबरवणं हा उताऱ्याचा हेतू नाही.

सहाव्या वचनावर ख्रिस्ती पंथांचं एकमत नाही, आणि ते झाकून ठेवू नये. रिफॉर्म्ड (कॅल्व्हिनच्या शिकवणीची) परंपरा म्हणते, वाळून जाणारा फाटा हा नुसता नावापुरता जोडलेला असतो, यहूदासारखा. मेथडिस्ट आणि त्यांच्यासारखे इतर म्हणतात, खरा विश्वासणाराही दूर जाऊ शकतो, म्हणूनच इशारा खरा आहे. अभ्यासात दोन्ही बाजू पाच मिनिटांत मांडा आणि पुढं जा. दोन्हींचा व्यवहारातला निष्कर्ष एकच निघतो: राहा.

आगीचं चित्र यहेज्केल १५ वरून समजतं. द्राक्षाच्या लाकडाची साधी खुंटीसुद्धा होत नाही, असं तिथं म्हटलंय. वेलाला फळाखेरीज दुसरा उपयोग नाही, हा तिथला मुद्दा. स्तोत्र ८० मध्ये इस्राएल हाच मिसरातून आणून लावलेला द्राक्षवेल आहे. हेरोदाच्या मंदिराच्या दारावर सोन्याचा द्राक्षवेल होता, असं इतिहासकार योसेफसनं नोंदवलंय. त्या पार्श्वभूमीवर 'मीच खरा द्राक्षवेल' हे शब्द किती वजनाचे होते ते मुलांना जरूर सांगा.

बागायतदार_सावळज

तिसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो.

पहिली खबरदारी: आपल्याकडची दोन छाटण्यांची पद्धत उताऱ्यात शोधू नका. यहूदियातला वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपतो. मुख्य छाटणी तेव्हा, आणि फळ उन्हाळ्याच्या शेवटी. आपल्या हवेत वेल झोपत नाही, म्हणून एप्रिलला खरड छाटणी (काडी तयार व्हायला) आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला गोडी छाटणी (फळासाठी) करून आपण त्याला वळण लावतो. 'खरड म्हणजे पश्चात्ताप, गोडी म्हणजे आशीर्वाद' असली जुळवाजुळव ऐकायला बरी वाटते, पण वचनात तसं काही नाही. तसंच पेस्टचं. डोळे (काडीवरच्या कोंब फुटायच्या जागा) एकसारखे फुटावेत म्हणून आपण लावतो ते रसायन. त्याला पवित्र आत्म्याच्या जागी बसवू नका.

पण काही गोष्टी अगदी चपखल बसतात, आणि त्या बागेतल्या माणसाला सांगाव्या लागत नाहीत.

गोडी छाटणीनंतर फुटी निघतात, तेव्हा घड कुठं आहे ते दिसतं. बिनघडाची फूट ती फेलफूट. ती काढतात, कारण ती घडाच्या वाटचं अन्न खाते. पण चांगल्या फुटीलाही कात्री लागते. शेंडा मारतात, बगलफुटी काढतात, पुढं घडाचीही विरळणी होते. उताऱ्यातलं दुसरं वचन हेच म्हणतं, की फळ देणाऱ्या फाट्यालाही माळी हात लावतो. संकट आलं म्हणजे नक्की काहीतरी पाप घडलं असणार, असं समजणाऱ्यांना हे दाखवा. कात्री दोघांनाही लागते, कारणं वेगळी असतात.

दुसरं, घड छाटणीनंतर दिसतो, पण तो डोळ्यात तयार होतो कितीतरी आधी. खरड छाटणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांच्या काळात काडीच्या डोळ्यात सूक्ष्म घडनिर्मिती होते. त्या दिवसांत ऊन कमी मिळालं, पाणी नि नत्र जास्त झालं की वेल नुसता हिरवागार माजतो आणि डोळे वांझ राहतात. वरून बाग देखणी दिसते. म्हणून शहाणा माणूस छाटणीआधी काड्या तपासणीला देतो, डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात घड कितव्या डोळ्यावर आहे, आणि मग कुठं कापायचं ते ठरतं. आध्यात्मिक फळाचंही तसंच. संकटात जो धीर दिसतो तो संकटाच्या दिवशी तयार झालेला नसतो.

तिसरं, घड जिरणं. काडीत अन्नसाठा कमी असला, त्यात छाटणीनंतर ढगाळ, पावसाळी हवा आली, की निघालेला कोवळा घड बाळी होऊन जातो. फळाऐवजी नुसती वळवळणारी तार. लूक ८:१४ मधले, पेरणाऱ्याच्या दृष्टांतातले काट्यांतले लोक असेच आहेत. चिंता, धन आणि सुखविलास यांनी गुदमरतात, त्यांचं फळ 'पक्व' होत नाही. लागत नाही असं म्हटलेलं नाही.

आणि चौथं, जास्त माल धरणं. एका घडामागं साधारण पंधरा पानं हवीत असा बागेत हिशेब असतो. लोभानं घड जास्त ठेवले की मणी फुगत नाहीत, साखर भरत नाही, आणि पुढच्या सालची काडीही कमकुवत होते. मंडळीत एकाच माणसाकडं संडे स्कूल, तरुण संघ, खजिनदारी आणि कॉटेज मीटिंग (घरोघरची प्रार्थनासभा) दिली की दोन वर्षांत तो माणूस उपासनेलाही येईनासा होतो. तिथं आळशीपणाचा ठपका त्याच्यावर ठेवू नये. विरळणी करणं हे पंचांचं काम होतं.

वाचक_सातारा

बागायतदार दादांचा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. मी दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते.

'फळ म्हणजे माणसं' याला आधार नाही असं नाही. रोमकरांस १:१३ मध्ये पौल त्याच अर्थानं बोलतो. पण तेवढंच फळ म्हटलं तर उरलेलं पवित्र शास्त्र बाजूला ठेवावं लागेल. रोमकरांस १५:२८ मध्ये यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली वर्गणी हे फळ आहे. इब्री १३:१५ मध्ये ओठांची स्तुती. कलस्सै १:१० मध्ये प्रत्येक सत्कार्य. गलतीकरांस ५:२२-२३ मध्ये प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. या नवांचा तक्ता करून स्वतःला गुण देऊ नका. तिथं 'फळ' एकवचनी आहे आणि सगळी मिळून एकच वाढ आहे. सौम्यता नाही पण विश्वासूपणा भरपूर, असा हिशेब पौल करत नाही.

माणसं मोजण्यात आणखी एक चूक होते. १ करिंथकरांस ३:६-८ मध्ये पौलानं लावलं, अपुल्लोसानं पाणी घातलं, वाढ देवानं दिली. मजुरी मिळणार ती ज्याच्या त्याच्या श्रमाप्रमाणे, पिकाप्रमाणे नाही. यहेज्केल ३३ मधला पहारेकरी बघा. त्यानं कर्णा वाजवला नाही तर तो दोषी. वाजवला आणि लोकांनी ऐकलं नाही तर तो सुटला. जबाबदारीची रेघ इतकी स्पष्ट ओढलेली आहे.

आपल्या साताऱ्याचं उदाहरण आहे. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून इथं 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा समुदाय सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. १९१९ मध्ये ते गेले. सभासदांच्या आकड्यात त्या कामाची किंमत कशी लावणार? त्यांची भजनं महाराष्ट्रातल्या उपासनांत आजही म्हटली जातात. सोळावं वचन म्हणतं ते 'टिकणारं' फळ.

पण माझं खरं म्हणणं पुढं आहे. यशया ५ वाचल्याशिवाय योहान १५ शिकवू नका. तिथं इस्राएल हा देवाचा द्राक्षमळा आहे, आणि त्यातून देवानं द्राक्षं अपेक्षिली होती ती कोणती, हे सातव्या वचनात आहे: न्याय आणि नीतिमत्त्व. मिळाला तो रक्तपात आणि आक्रोश. आणि पुढच्याच वचनात घराला घर आणि शेताला शेत जोडत जाणाऱ्यांना 'हायहाय' आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला लोकांनी लूक ३ मध्ये विचारलं, आम्ही काय करावं? त्यानं दोन अंगरख्यांतला एक द्या, ठरल्यापेक्षा जास्त कर घेऊ नका, कुणाला छळून पैसे उकळू नका, असं सांगितलं. पश्चात्तापाला शोभणारं फळ म्हणजे हे.

तुमच्या खोलीत बागायतदार आणि टोळीतले मजूर शेजारी-शेजारी बसणार आहेत. अनुवाद २४:१५ सूर्य मावळायच्या आत मजुरी द्यायला सांगतं. याकोब ५:४ मध्ये अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते. लेवीय १९:१० द्राक्षमळा पार झाडून घेऊ नका, गरीब नि परक्यासाठी ठेवा, असं सांगतं. हे न बोलता तुमच्या भागात द्राक्षवेलावर तीन संध्याकाळी बोलणं मला अपुरं वाटतं.

सांजप्रार्थना_तासगाव

ताई, हे बोलायलाच हवं, पटलं. पण मजुरांसमोर मालकांना उभं केल्यासारखं होईल का, अशी भीती आहे. आणखी एक. मंडळीत अंथरुणाला खिळलेल्या एक आजी आहेत, अभ्यास त्यांच्याच घरी असतो. 'आता माझ्याकडून काय फळ' असं त्या म्हणतात. आणि गेल्या हंगामात अवकाळीनं ज्यांचा माल गेला, त्यांना एकानं 'देवानं तुमची छाटणी केली' असं ऐकवलंय.

शब्दसेवक_मिरज

शेवटचं आधी. ते वाक्य पहिल्याच संध्याकाळी, नाव न घेता, चुकीचं ठरवा. आधार लूक १३. निष्फळ अंजिराचा दृष्टांत सहाव्या वचनापासून आहे, तो सगळेच सांगतात. पण पहिली पाच वचनं वगळली जातात. पिलातानं मारलेले गालीली आणि शिलोहाचा बुरूज पडून मेलेले अठरा जण हे इतरांपेक्षा जास्त पापी होते का? येशू 'नाही' म्हणतो, आणि ऐकणाऱ्यांना स्वतःच्या पश्चात्तापाकडं वळवतो. दुसऱ्याच्या नुकसानीवरून त्याच्या पापाचा हिशेब मांडायला मनाई करून मगच तो फळाची गोष्ट सांगतो. शिवाय योहान १५ मध्ये कात्री माळ्याच्या हातात आहे. कुणाची छाटणी चाललीय हे ओळखायचं काम फाट्याला दिलेलं नाही.

त्याच दृष्टांतातला माळी नीट बघा. तीन वर्षं फळ नाही म्हणून मालक तोडायला सांगतो. माळी एक वर्ष मागून घेतो, पण नुसती मुदत मागत नाही. मी भोवती खणीन, खत घालीन, असं म्हणतो. पाळक आणि पंच यांच्यासाठी हा धडा आहे. जो सभासद सुकत चाललाय त्याच्यासाठी 'अजून थोडं थांबू' म्हणणं पुरेसं नाही. त्या वर्षात त्याच्या मुळाशी कोण खणणार, हे ठरलं पाहिजे. महिन्यातून दोन भेटी, एक जेवण, आणि कुणा एकाकडं ती जबाबदारी नावानिशी दिलेली. सगळ्यांची म्हणून सोडलेली जबाबदारी कुणाचीच राहत नाही.

आजींसाठी मत्तय २५:१४-३०. धनी 'ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणे' पाच, दोन आणि एक टॅलेंट देतो. एक टॅलेंट म्हणजे ६,००० दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे ज्याला सगळ्यात कमी मिळालं त्याच्याही हातात सुमारे वीस वर्षांची कमाई होती. पाचवाल्याला आणि दोनवाल्याला मिळालेली शाबासकी (२१ आणि २३) शब्दाला शब्द सारखी आहे. तिसऱ्याचा दोष कमी कमावल्याचा नव्हता. सावकाराकडं ठेवून व्याज आणलं असतं तरी चाललं असतं, असं धनी म्हणतो. त्यानं पुरून ठेवलं, कारण धनी कठोर आहे असं त्यानं मनाशी धरलं होतं. देवाबद्दलची चुकीची समजूत माणसाला निष्फळ करते. आजींकडं प्रार्थना आहे, स्तुती आहे, आणि पंधरा माणसांना उघडं असलेलं घर आहे. त्यांना एखादं नाव द्या, रोज प्रार्थना करायला. काम म्हणून द्या, समजूत काढण्यासाठी नको.

कॅथलिक_सांगली

थोडी भर घालतो. 'विश्वास की कृती' या जुन्या वादात हा उतारा दोन्हीकडं सारखाच प्रिय आहे. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेच्या १५४७ च्या नीतिमान ठरवण्यावरच्या निर्णयात, सोळाव्या प्रकरणात, द्राक्षवेल आणि फाट्यांचंच चित्र आहे. ख्रिस्त आपलं सामर्थ्य सतत ओतत असतो, ते सत्कृत्यांच्या आधी, सोबत आणि नंतर असतं. प्रॉटेस्टंट बाजूला हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी (१५६३), प्रश्न ६४: खऱ्या विश्वासानं ख्रिस्तात जोडलेल्यांनी उपकारस्तुतीची फळं न देणं अशक्य आहे. पुण्य मिळतं का यावर मतभेद आहेत, ते खरे आहेत. फळ हवं यावर नाहीत.

सांगली-मिरज भागातल्या मंडळ्यांना प्रेस्बिटेरियन वारसा आहे, म्हणून वेस्टमिन्स्टर विश्वासकबुली तुमच्या जास्त जवळची. तिच्या १६व्या प्रकरणाचा तिसरा परिच्छेद नेमका तुमच्या पहिल्या प्रश्नावर आहे. सत्कृत्यांचं बळ पूर्णपणे ख्रिस्ताच्या आत्म्याकडून येतं, असं तो म्हणतो. आणि लगेच बजावतो की म्हणून आत्म्याची खास प्रेरणा होईपर्यंत आपल्यावर कर्तव्यच नाही, असं समजून ढिलाई करू नये. आपल्यातली कृपा चेतवत राहावी.

वाचक_सातारा

मालक-मजूर समोरासमोर येण्याबद्दल. प्रश्न व्यक्तीला विचारू नका, वचनाला विचारा. 'याकोब ५:४ मध्ये कोण ओरडतंय?' इथून सुरुवात करा. मजुरांना अनुभव सांगायला लावू नका, त्यांना दुसऱ्या दिवशी त्याच बागेत जायचं असतं. आणि जबाबदारी एकाच बाजूला टाकू नका. टोळीनं उचल घेऊन ऐन छाटणीत दुसरी बाग धरणं, किंवा फवारणीनंतर काढणीपर्यंत थांबायचे दिवस न पाळता माल व्यापाऱ्याला देणं, हेही फळाचेच प्रश्न आहेत. गलतीकरांस ६ मधली दुसरी आणि पाचवी वचनं जोडीनं वाचा: एकमेकांची ओझी वाहा, आणि प्रत्येकानं आपला भार वाहावा. कर्जात बुडालेल्याचं ओझं उचलायचं. स्वतःचा शब्द पाळणं हा ज्याचा त्याचा भार.

शब्दसेवक_मिरज

मग आखणी अशी करा. प्रत्येक संध्याकाळी पन्नास मिनिटांच्या वर नको, दिवसभर राबून आलेली माणसं असतात.

पहिली: उतारा दोनदा मोठ्यानं, एकदा तरी टोळीतल्या कुणाकडून. मग आज्ञा शोधणं. माळी, वेल, फाटा यांच्या कामांचे तीन रकाने सगळ्यांनी मिळून भरायचे. फाट्याच्या रकान्यात काय येतं, यावर निम्मा वेळ द्या. लोक हमखास तिथं 'फळ देणं' लिहितात. खोडू नका, वचन दाखवायला सांगा. शेवटी लूक १३:१-९.

दुसरी: स्तोत्र ८०, यशया ५:१-८, लूक ३:८-१४, याकोब ५:४. ही सगळ्यात अवघड. इथं प्रवचन नको, वाचन आणि शांतता. मग प्रत्येकानं कागदावर एकच कृती लिहायची, त्यात कुणाशी, काय आणि कधीपर्यंत हे तिन्ही हवं. 'मी जास्त प्रेमळ होईन' हे चालणार नाही. 'अमक्याचे राहिलेले पैसे शुक्रवारपर्यंत देईन' हे चालेल. कागद ज्याच्या त्याच्या खिशात. गोळा करायचे नाहीत, वाचून दाखवायचे नाहीत, नाहीतर पुढच्या वेळी सगळे सोपंच लिहितात.

तिसरी: मत्तय २५, १ करिंथकरांस ३, आणि मंडळीतल्या कामांची यादी. कुणावर जास्त माल धरलाय ते बघा आणि जागच्या जागी दोन कामं तरी दुसऱ्यांकडं द्या. कॉलेजच्या मुलांना हिशेबाची वही किंवा वाचन द्या, नुसत्या खुर्च्या लावणं नको.

बागायतदार_सावळज

तारखांचं बघा. ज्यांनी आगाप (लवकरची) छाटणी धरलीय त्यांच्या टोळ्या सप्टेंबरातच बाहेर असतात, रात्री आठच्या आत कुणी येणार नाही. आणि दुसरी संध्याकाळ आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी ठेवा. मजुरीचा हिशेब बहुतेकांचा बाजाराच्या दिवशी होतो, कागदावर लिहिलेलं दुसऱ्याच दिवशी करता येईल.